निरोगी क्रमांक तीन

१२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा मामीने उचलला आणि तिन्ही वेळा तू म्हणे गिऱ्हाइकाशी बोलत होतास. रविवारी सकाळी सातला सोफा घेऊन कुठलं गिऱ्हाईक येतं रे? तुला लागलेला दम मला ऐकू येईल म्हणून तू फोनवर येत नाहीस, हे न कळण्याइतकी मी बावळट नाही. म्हणून आता पत्र. पत्राला उत्तर द्यायला श्वास लागत नाही, तेव्हा सबब चालणार नाही.

आता बातमी. तुझं हृदय काल आमच्याकडे धडधडायला लागलं.

घाबरू नकोस, तुझं तुझ्याकडेच आहे. ऑक्टोबरात हॉस्पिटलात तुझं जास्तीचं रक्त घेतलं आणि अभ्यासासाठी म्हणून सही घेतली, आठवतं? ते आमच्या प्रयोगशाळेत आलं. रक्तातल्या पेशींना आम्ही आधी मागे नेतो, म्हणजे आपण रक्त आहोत हेच त्यांना विसरायला लावतो. त्या अगदी तान्ह्या झाल्या की ठरल्या दिवशी ठरली औषधं घालून त्यांना हृदय व्हायला शिकवतो. याला चार महिने लागले. काल सकाळी बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर एक कोपरा हलत होता. मग शेजारचा हलला. दुपारपर्यंत सगळी बशी एका ठेक्यात आली. मला चष्मा काढून पुसावा लागला.

डब्यांवर नावं नसतात, नंबर असतात. पण तू तुझा नंबर मामीला सांगितलास आणि मामीने मला, त्यामुळे सतरा म्हणजे तू हे मला माहीत आहे. मी ते मॅडमना प्रामाणिकपणे सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, सतराला तू फक्त खायला घाल. मोजमाप दुसरं कुणीतरी करेल." तेव्हा एक दिवसाआड मी तुला गुलाबी पाणी पाजते. लहानपणी तू मला जेवायला घालायचास तेव्हा मी जेवढे नखरे करायचे तेवढे तुझ्या पेशी करत नाहीत.

खरं खरं लिही. जिने चढवतात का?

तुझी,
टाचणी


२४ फेब्रुवारी

चि. टाचणीस मामाचे आशीर्वाद. मामीचे वेगळे. ते ती खाली स्वतःच्या हाताने लिहिणार आहे, आणि त्यात आशीर्वाद कमी आणि चहाड्या जास्त असणार हे मी आधीच सांगून ठेवतो.

माझं हृदय बशीत ठेवून तू त्याला खायला घालतेस हे वाचून बरं वाटलं. जरा मीठही घालत जा. इकडे मामीने माझं मीठ तोडलंय, निदान तिकडे तरी माझ्या हृदयाला चव कळू दे.

तब्येत ठणठणीत आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सहा खुर्च्या आल्यात, सगळ्यांचे पट्टे लोंबताहेत. सहा वर्षांची असताना तू माझ्या शेजारी बसून बारीक खिळे आकारावारी निवडायचीस आणि एकही बोटाला टोचून घ्यायची नाहीस. हल्ली मीच निवडतो आणि मलाच टोचतात. दुपारी मी दुकानातच आडवा होतो. गिऱ्हाइकाचा सोफा भरला की त्यावर झोपून बघावं लागतं, हा धंद्याचा नियमच आहे.

काळजी नसावी.
मामा

बाळ, मी मामी. धंद्याचा नियम वगैरे काही नाही. तीन आठवडे झाले, हा माणूस रात्रीचाही दुकानातच झोपतो, तोही तीन उशा लावून, कारण दोन जिने चढवत नाहीत. परवा पहिल्या जिन्यावर बसला होता. खालच्या बाईंनी विचारलं तर म्हणाला, कठडा तपासतोय! पायावर बोट दाबलं की खळगा राहतो. डॉक्टरांनी दिलेली पाणी उतरवायची गोळी अर्धी करून खातो, कारण पूर्ण घेतली तर सारखं उठावं लागतं आणि तोंडात खिळे धरलेले असताना उठता येत नाही म्हणे. तूच सांग याला. माझं ऐकायचं नाही असं त्याने लग्नातच ठरवलं होतं.


१५ मार्च

मामा,

अर्धी गोळी? तुझ्या दुकानात कुणी येऊन म्हणालं, "अर्धेच खिळे मारा, आवाज फार होतो," तर तू त्याला दाराबाहेर काढशील. पूर्ण गोळी घे आणि खिळे थुंकून ऊठ.

आता तुझ्या हृदयाचं काय बिघडलं असावं ते सांगते. तुझ्याच भाषेत सांगता येईल अशी गोष्ट आहे. हृदयाच्या प्रत्येक पेशीत दोऱ्यांच्या रांगा असतात, काही जाड, काही बारीक. ठोका पडतो तेव्हा हे दोरे एकमेकांवर सरकतात आणि पेशी आखडते. आखडून झालं की त्यांना पुन्हा जागेवर आणायला एक स्प्रिंग असते. तिचं नाव टायटिन. आपल्या अंगातलं ते सगळ्यात लांब प्रथिन आहे. ते कसं बनवायचं याच्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. काही घराण्यांत त्यातली एक प्रत मध्येच तुटलेली असते. उरलेल्या एका प्रतीवर हृदय वर्षानुवर्षं भागवतं. मग एखादा मोठा ताप, दारू, फार कष्ट, असं काही आलं की ते दमतं, सैल पडतं आणि फुगतं. तुझं तसंच झालं असावं असा मॅडमचा अंदाज आहे.

हे तपासायची रीत सोपी आहे. पेशींची एक बारीक पट्टी दोन रबरी खांबांच्या मध्ये बांधायची. ठोका पडला की खांब आत झुकतात. किती झुकले ते कॅमेरा मोजतो. शेजारी निरोगी माणसाच्या पेशींची तशीच पट्टी ठेवायची आणि फरक बघायचा. निरोगी माणसं कुठून आणायची म्हणशील, तर ती आमच्यातलीच. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी रक्त दिलं होतं. कुणाचा नंबर कोणता हे फक्त मॅडमच्या कुलपातल्या वहीत आहे. सध्या सगळी भिस्त निरोगी क्रमांक तीनवर आहे. फार गुणी आहे तो, भराभर वाढतो आणि कधी त्रास देत नाही.

मॅडमनी एक विचारायला सांगितलंय. घराण्यात आणखी कुणाला असं होतं का? आईला कधी दम लागायचा का? ती तापाने गेली एवढंच मला माहीत आहे.

मी बरी आहे. जरा पित्ताने हैराण आहे, बाकी काही नाही. गणितवाला मला लिंबू चोखायला देतो आणि दिवसाला किती चोखली ते फळ्यावर लिहितो. नवरा म्हणून मास्तर करू नये.

टाचणी


२८ मार्च

चि. टाचणीस आशीर्वाद.

गोळी पूर्ण घेतोय. दुकान आणि न्हाणीघर यांच्यामधली फरशी झिजली तर तुझ्या नावावर.

स्प्रिंगबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. एक सुधारणा करतो, राग मानू नकोस. परत वर येणं हे स्प्रिंगचं अर्धं काम. दुसरं अर्धं म्हणजे शेजारच्या स्प्रिंगला तिरकं होऊ न देणं. म्हणून आम्ही त्या सुतळीने एकमेकींना आठ बाजूंनी बांधतो. एखादी सुतळी तुटली तरी बसणाऱ्याला काही कळत नाही, बाकीच्या सांभाळून घेतात. एक दिवस कुणी जाड माणूस धपकन बसतो आणि मग सगळंच एका बाजूला जातं. तुझ्या मॅडमना विचार, तिथे पण असंच असेल.

तुझ्या आईचं तापानेच झालं. आमच्या घराण्यात हृदयाचं कुणाला काही नव्हतं. तसं लिहून दे.

इकडे ऊन वाढलंय. खुर्च्या झाल्या.
मामा

बाळ, पित्त कसलं गं? सकाळीच होतं का? मी काही विचारत नाही. लिंबू चालू ठेव. मामी


२२ एप्रिल

प्रिय मामा, प्रिय मामी,

दोन बातम्या आहेत, दोन्ही गोड. आधी मामाची.

काल मोजमाप पूर्ण झालं. मोजणाऱ्याला कुठली पट्टी कुणाची हे माहीत नव्हतं, म्हणजे कुणी दयामाया केलेली नाही. सतरा नंबर आणि निरोगी क्रमांक तीन यांच्यात काहीही फरक नाही! जोर तेवढाच, ठेकाही तसाच. मी ते आकडे चार वेळा वाचले. याचा अर्थ तुझ्या पेशी मुळात धडधाकट आहेत, तुझ्या हृदयाला बाहेरून कशाचा तरी फटका बसलाय, आणि बाहेरचा फटका भरून येऊ शकतो. जीनचा अहवाल यायचाय, पण मला आता त्याची धास्ती नाही. मॅडम मात्र कपाळाला आठ्या घालून बसल्यात. "बरं वाटतंय म्हणून खरं मानायचं नाही," असं म्हणाल्या आणि आकडे घरी घेऊन गेल्या. त्यांना आनंद झाला तरी त्या पावती मागतात.

दुसरी बातमी मामीला केव्हाच कळलीय, त्यामुळे तिने आश्चर्याचं नाटक करू नये. हो, चौथा महिना संपला. सप्टेंबरच्या शेवटाला बाळ येईल. आधी लिहिलं नाही कारण तुझा दम बरा होईपर्यंत तुला आणखी काळजी नको असं वाटलं. आता तू बरा होणारच आहेस, तेव्हा तयारीला लाग.

तुमची,
टाचणी


२ मे

चि. टाचणीस खूप खूप आशीर्वाद.

मामीने पत्र वाचलं आणि ती दुकानात सगळ्यांसमोर रडली. गिऱ्हाइकाला वाटलं, मी कापड कमी मापलं.

मलाही किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. तू एवढीशी होतीस तेव्हा कापसाच्या पोत्यावर झोपायचीस आणि उठलीस की पांढरी होऊन उठायचीस. आता तुला मूल होणार म्हणजे मी खरंच म्हातारा झालो.

आता एक धंद्यातली गोष्ट लिहितो. तुझ्या कामात नाक खुपसतोय असं समजू नकोस. मागे एकदा एक बाई दोन खुर्च्या घेऊन आल्या. जोडीच्या. म्हणाल्या, ही एक खचलीय, ही दुसरी चांगली आहे, तिच्या उंचीची करून द्या. मी चांगलीवर पट्टी लावून माप घेतलं आणि खचलेलीचं ताडून बघितलं, तर दोघींची उंची सारखीच! मी बाईंना म्हटलं, तुमची खुर्ची खचलेलीच नाही, उगीच खर्च करताय. त्या गेल्या. रात्रभर मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन चांगली खुर्ची उलटी केली. तिचे पट्टेही तुटलेले होते. दोघी एकाच घरच्या, एकाच वेळी भरलेल्या, सारख्याच खचलेल्या. पण एकीला सगळे चांगली म्हणत आले, म्हणून तिला कुणी उलटी करून बघितलंच नव्हतं.

तुमचा तो तीन नंबर चांगला आहे हे कुणी बघितलंय का? एवढंच विचारतो.

आणि एक. बाळंतपणाच्या तपासण्या होतातच, त्यात हृदयाचीही एक करून घे. उगीच आपली. मामाच्या समाधानासाठी.

मामा


१९ मे

मामा,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

तुझी खुर्चीची गोष्ट मी मॅडमना वाचून दाखवली. त्या तडक उठल्या आणि गेल्या वर्षीची मोजमापं काढून बसल्या. निरोगी एक आणि निरोगी दोनच्या पट्ट्या खांबांना जेवढं वाकवत होत्या, त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश तीन नंबर वाकवतो. तुझ्याइतकंच. तो भराभर वाढायचा म्हणून आम्ही त्याला गुणी म्हणत होतो आणि त्याच्याकडे कुणी धड बघितलंच नाही. मग मॅडमनी दोघांचं टायटिन वाचून घेतलं. सतरामध्ये एका जागी एक अक्षर गळलंय आणि तिथून पुढचं सगळं वाक्य तुटलंय. तीनमध्येही तेच अक्षर, त्याच जागी गळलंय.

एवढ्या लांब मजकुरात दोन परक्या माणसांचं नेमकं तेच अक्षर गळत नाही. मॅडमनी कपाटाचं कुलूप काढलं, वही उघडली, आणि दार लावून मला समोर बसवलं. तीन नंबर म्हणजे मी.

रक्त दिलं तेव्हा आम्हाला एक फॉर्म भरायचा होता. तोही वहीतच लावलेला आहे. "घराण्यात हृदयविकार?" यापुढे माझ्या अक्षरात ठळक "नाही" लिहिलंय. मी ते कुठून लिहिलं असेन?

बाबा दुसरं लग्न करून दूर गेले, त्यांच्याकडून मला काही कळणार नाही. तुझ्याकडूनच कळेल. तुझ्यातलं आणि माझ्यातलं तेच अक्षर गळलंय, तर ते आईतूनच माझ्यापर्यंत आलंय. मामा, आईला काय झालं होतं? आता ताप म्हणू नकोस. माझ्या पोटात बाळ आहे.

टाचणी


२५ मे

बाळ टाचणी,

लिहितो. आज दुकान बंद ठेवलंय.

तुझ्या जन्मानंतर चौथ्या आठवड्यात धाकटीला, म्हणजे तुझ्या आईला, दम लागायला लागला. आम्हाला वाटलं, अशक्तपणा आहे. सगळे म्हणाले, बाळंतीण आहे, दमणारच. तिला आडवं झोपवत नव्हतं, म्हणून मी तिला एक उंच पाठीची खुर्ची भरून दिली. तीत बसून ती तुला घ्यायची. पायाला सूज आली तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीचा फोटो काढला आणि म्हणाले, हृदय फार मोठं झालंय, तुम्ही उशीर केलात. तू दहा आठवड्यांची होतीस तेव्हा ती गेली. चोवीस वर्षांची होती.

ताप कुठून आला तेही सांगतो. तू सात वर्षांची असताना कुणीतरी शहाण्या बाईने तुझ्यादेखत म्हटलं, हिच्या बाळंतपणातच हिची आई गेली. तू घरी आलीस, दप्तरही काढलं नाहीस, आणि मला विचारलंस, "मामा, आई माझ्यामुळे मेली का?" मी खिळे थुंकले आणि म्हणालो, नाही गं, ताप आला होता. तुझा चेहरा असा मोकळा झाला की मी तो ताप पुढे पंचवीस वर्षं सांभाळला. तू हेच शास्त्र शिकायला लागलीस तेव्हा सांगायला हवं होतं. मी आजारी पडलो तेव्हा तर नक्कीच. तू मार्चमध्ये सरळ विचारलंस, तेव्हाही मी खोटं लिहिलं. तू बाळाची बातमी दिलीस आणि माझी पाचावर धारण बसली. तीन नंबर तुमच्यातलाच आहे हे तू आधीच लिहिलं होतंस, आणि कोण असेल हे माझ्या मनात येऊन गेलं होतं. सरळ लिहायचं धाडस झालं नाही, म्हणून खुर्चीच्या आडून लिहिलं. खुर्चीची गोष्ट खरी आहे.

मला शिव्या घाल. पण आधी हृदय तपासून घे.

तुझा अपराधी,
मामा

बाळ, मी याला कितीदा म्हटलं, पोर मोठी झाली, सांगून टाक. पण मीसुद्धा सांगितलं नाही, तेव्हा अर्ध्या शिव्या माझ्या. तुझी आई त्या खुर्चीत तुला घेऊन बसली की फार खूश असायची. हेही तुला कधी सांगितलं नव्हतं. मामी


९ जून

मामा,

तुझ्यावर रागावले होते. आठ दिवस पुरला राग, मग संपला. सात वर्षांच्या मुलीला तू दुसरं काय सांगणार होतास? पण सतरा वर्षांच्या मुलीला सांगायला हवं होतंस. हे एकदा लिहून टाकते, पुन्हा काढणार नाही.

हृदय तपासलं. दर ठोक्याला आत भरलेल्या रक्तातलं किती टक्के बाहेर फेकलं जातं ते बघतात. पंचावन्नच्या वर असलं की छान. माझं बावन्न आहे. म्हणजे काठावर, पण चालू. तुझं अठ्ठावीस आहे, तेव्हा तू माझ्यासमोर फुशारकी मारू नकोस.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं. हे अक्षर गळलेली कितीतरी माणसं आयुष्यभर ठणठणीत असतात. बाळंतपण हा आमच्यासारख्यांसाठी तो धपकन बसणारा जाड माणूस आहे, एवढंच. बाळाला चालेल अशी एक गोळी सुरू केलीय. दर महिन्याला तपासणी. बाळंतपण मोठ्या हॉस्पिटलात, आणि नंतर दोन आठवडे तिथेच मुक्काम. बाई म्हणाल्या, "आईच्या वेळी कुणाला माहीत नव्हतं. आता आपण वाट बघत बसलोय, त्रास आला तर दारातच धरू." हे ऐकून जीव भांड्यात पडला असं नाही म्हणणार, पण भांड्याजवळ पोचला.

मला भीती वाटते, मामा. सकाळी उठल्यावर वाटते आणि प्रयोगशाळेत गेल्यावर कमी होते. तिथे आपण दोघं शेजारी शेजारी धडधडत असतो. मॅडमनी आता नवं काम काढलंय: तुटलेल्या प्रतीचं राहू दे, चांगल्या प्रतीकडून जास्त काम करून घेता येतं का बघायचं. आपल्याला त्याचा उपयोग होईल की नाही माहीत नाही. तरी मी जास्त लक्ष देऊन खायला घालते.

आता सौदा. रोज सकाळी दोघांनी वजन करायचं आणि लिहून ठेवायचं, कारण अंगात पाणी साठलं की ते आधी काट्यावर दिसतं. दर पंधरा दिवसांनी कागद एकमेकांना पाठवायचे. तू एक दिवस चुकलास तर मी मामीला तुझं मीठ आणखी कमी करायला सांगेन.

टाचणी


११ ऑगस्ट

चि. टाचणीस आशीर्वाद.

कागद सोबत. एकही दिवस चुकला नाही, मामी काट्याशेजारी पोलिसासारखी उभी असते. सहा किलो उतरलो. ते सगळं पाणीच होतं म्हणे. इतकी वर्षं मी स्वतःला भरदार समजत होतो.

परवा एक जिना न थांबता चढलो. दुसऱ्याच्या मध्यावर थांबलो, पण खरोखरच कठडा तपासायला. तो हलतोय. रात्री घरी झोपतो, दोन उशांवर.

तुझ्यासाठी खुर्ची करतोय. उंच पाठीची. दहा वेळा हातातून खाली ठेवली, कारण तशीच आधी एक केली होती. मग मामी म्हणाली, त्या खुर्चीचा काय दोष? तेव्हा पुन्हा घेतली. प्रत्येक स्प्रिंग आठ बाजूंनी दुहेरी सुतळीने बांधलीय, अर्ध्या गाठी मामीने मारल्या. बांधून झाल्यावर उलटी करून तपासली. मग मामीने पुन्हा उलटी करून तपासली.

सप्टेंबर जवळ आला. मला आता रोज पत्र टाक, दोन ओळींचं चालेल.

मामा


२ ऑक्टोबर

आदरणीय मामा आणि मामी,

साष्टांग नमस्कार. हे पत्र मी लिहितोय, कारण तिला आठवडाभर काही करायची परवानगी नाही आणि ती माझ्या खांद्यावरून वाचून प्रत्येक वाक्याला नाक मुरडते आहे. फोनवर तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. ती म्हणते आहे, आपल्या घरात आता अर्धं काही सांगायचं नाही.

मुलगी २४ तारखेला झाली हे तुम्हाला माहीत आहे. वजन तीन किलो शंभर ग्रॅम. ती उत्तम आहे आणि आवाजाने संपूर्ण मजला हलवते. माहीत नाही ते असं, की सहाव्या दिवशी सकाळी हिचं वजन एका रात्रीत दीड किलोने वाढलं. ही स्वतःच काट्यावर उभी राहिली होती, नर्सने सांगितलंही नव्हतं. तासाभरात तपासणी झाली. बावन्नचे अडतीस झाले होते.

मी गणित शिकवतो, पण तो आकडा मला दोनदा विचारावा लागला. डॉक्टर मात्र घाबरल्या नाहीत, कारण त्या वाट बघत होत्या. त्याच दिवशी नवी औषधं सुरू झाली. आज चौथा दिवस. पाणी उतरलंय, ती आडवी झोपते, दम नाही. आकडा हळूहळू वाढेल असं म्हणतात. किती आणि कधी ते कुणी सांगत नाही, आणि मीही आता विचारत नाही. रोज फळ्याऐवजी कागदावर वजन लिहितो.

खुर्ची घरी पोचली. मी एकट्यानेच तिच्यात बसून बघितलं. आधी उलटी केली.

तुमचा,
गणितवाला


४ डिसेंबर

प्रिय मामा,

काल मुलगी दहा आठवड्यांची झाली. मी कुणाला काही बोलले नाही, पण गणितवाल्याने शाळेतून सुट्टी घेतली होती आणि कारण विचारल्यावर म्हणाला की पेपर तपासायचेत. दिवसभर एकही पेपर तपासला नाही. मी सकाळी खुर्चीत बसले आणि तिला मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत तिथेच होते. दम लागला नाही. ती दोनदा माझ्या अंगावर ओकली. आईही अशीच बसून खूश असायची, हे मामीने लिहिलं नसतं तर मला कालचा दिवस नुसता भीतीतच काढावा लागला असता. मामीला सांग.

आज माझी तपासणी झाली. एकोणपन्नास! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधं चालू राहतील, पुढचं मूल मात्र नको. एक पुरे आहे, हिचा आवाज तिघांचा आहे. आणि तुझे एक्केचाळीस झाले, हे मामीने फोनवर सांगितलं. तूही फोनवर आलास आणि सलग नऊ मिनिटं मला कापडाचे भाव सांगितलेस, मध्ये एकदाही न थांबता. इतकं कंटाळवाणं आणि इतकं गोड मी कधी ऐकलं नव्हतं.

प्रयोगशाळेत अजून जात नाही, पण परवा मॅडम येऊन गेल्या. येताना माझा जुना फॉर्म घेऊन आल्या होत्या. मी "नाही" खोडलं, शेजारी "आहे" लिहून सही केली. डब्यांवर आता निरोगी क्रमांक तीन नाही. आपण दोघं एकाच रांगेत आहोत, सतरा आणि अठरा. आणि नवा नियम झालाय: जो निरोगी म्हणून येईल, त्याला आधी उलटा करून बघायचं. मॅडम त्याला खुर्चीचा नियम म्हणतात. तुझं नाव कुठे छापून येणार नाही, पण नियम तुझा आहे.

मुलीत ते अक्षर आहे की नाही, ते एवढ्यात बघणार नाही. असायची शक्यता निम्मी आहे, नसायचीही निम्मीच. ती मोठी झाली की तिला विचारून बघू. तोवर तिला सगळं सांगायचं, आपल्याकडे ताप आलाच तर तो खराच असेल.

आज दवाखान्यात तिची पुस्तिका मिळाली, टोचण्यांच्या नोंदीची. पहिल्याच पानावर तोच प्रश्न होता. घराण्यात हृदयविकार? मी मुलीला दुसऱ्या हातावर घेतलं. मग मी नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"आहे. आजीला, आजीच्या भावाला, आईला. आजी चोविसाव्या वर्षी गेली, कारण तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. बाकी दोघं औषध घेतात, जिने चढतात आणि फोनवर फार बोलतात."

नर्सने वाचलं आणि म्हणाली, "एवढं लिहायची गरज नसते हो." मी म्हटलं, आमच्याकडे असते.

तुझी,
टाचणी